माणिकतळ्याची बाग आणि एल्फिन्स्टनची खोली

प्रश्न असा आहे: कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात डेरोझिओ या तरुण शिक्षकाच्या विद्यार्थ्यांचं 'अकॅडेमिक असोसिएशन' १८२८ साली निघालं. धर्मावर उघड वाद घालणारं आपल्याकडचं ते पहिलं नामांकित विद्यार्थी मंडळ. ते चालायचं कसं, मोडलं कशामुळे, आणि वीस वर्षांनी मुंबईत एल्फिन्स्टनच्या मुलांनी मंडळ काढलं तेव्हा धर्म हा विषयच कसा वगळला?

मी इतिहास शिकवला आणि बरीच वर्षं कॉलेजचं वादविवाद मंडळ माझ्या गळ्यात होतं. त्यामुळे असा प्रश्न आला की मी आधी विचारतो, सभा कोणाच्या जागेत भरायची? सभागृह मागायच्या अर्जात एक रकाना असतो, 'विषय'. एका वर्षी मुलांनी तिथे 'ईश्वर आहे का?' असं लिहिलं. अर्ज दोन दिवसांनी परत आला. विषयावर लाल रेघ, समासात 'पर्यायी विषय सुचवावा'. मुलांनी मुकाट्याने 'विज्ञान : शाप की वरदान' लिहून दिलं आणि अर्ज त्याच दुपारी मंजूर झाला. ईश्वरावरचा वाद मग संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर, सायकली टेकवून, रंगला तो रंगलाच. १८२८ ते १८६० या काळातल्या मंडळांची गोष्ट मला त्या फाटकापाशी उभं राहूनच नीट कळली, म्हणून तीच वाट धरतो.

आधी हिंदू कॉलेज कोणाचं होतं ते बघा. ते कंपनी सरकारने काढलेलं नव्हतं. कलकत्त्यातल्या प्रतिष्ठित हिंदूंनी वर्गण्या काढून २० जानेवारी १८१७ रोजी ते सुरू केलं, आपल्या मुलांना इंग्रजी विद्या मिळावी म्हणून. डेव्हिड हेअर हा घड्याळांचा धंदा करणारा स्कॉटिश गृहस्थ त्यात पहिल्यापासून होता. पुढे सरकारी अनुदान आलं, त्याबरोबर सरकारच्या वतीने देखरेख करायला संस्कृतपंडित होरेस विल्सन आले. पण मुलं कोणाची आणि शाळा कोणाची, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं: शहरातल्या सनातनी, श्रीमंत घराण्यांची. मुलाला इंग्रजी यावं, हिशेब यावा, साहेबाशी बोलता यावं. पण घरी आल्यावर त्याने पूजेला बसावं. हा करार कुठे लिहिलेला नव्हता. सगळ्यांनी तो गृहीत मात्र धरला होता.

या कॉलेजात १८२६ साली हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ शिक्षक म्हणून आला. वय सतरा. पोर्तुगीज वंशाचा, कलकत्त्यातच जन्मलेला, इंग्रजीत कविता करणारा, हिंदुस्थानला आपली मायभूमी म्हणणारा. डेव्हिड ड्रमंड या स्वतंत्र विचाराच्या स्कॉटिश मास्तरांच्या शाळेत तो शिकला होता आणि 'हे कशावरून?' ही तिथली सवय घेऊन आला होता. वर्गातल्या वरच्या मुलांहून तो दोनतीन वर्षांनीच मोठा. तास संपला तरी बोलणं संपायचं नाही, आणि त्या न संपलेल्या बोलण्यातूनच मंडळ निघालं. सुरुवातीच्या बैठका त्याच्या घरी झाल्या, मग कलकत्त्याच्याच माणिकतळा भागात श्रीकृष्ण सिंह यांच्या बागेतल्या घरात. अध्यक्ष डेरोझिओ, चिटणीस उमाचरण बसू.

कॉलेजच्या आवारात नाही, बागेतल्या घरात. ही बारीक गोष्ट बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलेली असते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॉलेजच्या खोलीत जो विषय निघू शकला नसता तो बागेत निघत होता. इच्छास्वातंत्र्य आणि दैव, श्रद्धा, सत्याचं पावित्र्य, सद्गुण आणि दुर्गुण, मूर्तिपूजा, भटभिक्षुकी, आणि ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूचे व विरुद्धचे युक्तिवाद. शेवटच्या विषयाला संशयवादी तत्त्वज्ञ ह्यूमचे आक्षेप आणि ड्युगल्ड स्ट्युअर्ट या दुसऱ्या तत्त्वज्ञाने त्यांना दिलेली उत्तरं, दोन्ही वाचून यायचं. ऐकायला हेअर येत. न्यायमूर्ती एडवर्ड रायन, बिशप्स कॉलेजचे प्राचार्य मिल असली मोठी माणसं अधूनमधून मागे येऊन बसत. विचार करा, सतराअठरा वर्षांची पोरं परक्या भाषेत देवावर बोलतायत आणि सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ऐकतोय. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

गेलीच. या सभांबद्दल पुढे लालबिहारी डे यांनी लिहून ठेवलं आहे की तिथले तरुण सिंह आठवड्यामागून आठवडे हिंदू धर्माविरुद्ध गर्जना करत. त्या मंडळींचं मोठेपण मी नाकारत नाही. कृष्णमोहन बॅनर्जी, रसिककृष्ण मल्लिक, रामगोपाल घोष, दक्षिणारंजन मुखर्जी, रामतनू लाहिरी, प्यारीचंद मित्र ही नावं बंगालच्या इतिहासातून काढता येत नाहीत. राधानाथ सिकदार तर पुढे सर्वेक्षण खात्यात गेला आणि जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं हे त्याच्या गणिताने ठरलं. पण वादविवाद मंडळ म्हणून बघितलं तर एक उणीव लगेच डोळ्यांत भरते. ज्यांच्याशी वाद होता ते त्या बागेत नव्हतेच. राधाकांत देवांसारखा सनातन्यांचा विद्वान पुढारी समोर बसला आहे आणि त्याला उत्तर द्यायचं आहे, असा प्रसंग त्या पोरांवर आला नाही. प्रतिपक्ष गैरहजर असला की वाद सोपा होतो आणि आवाज चढतो. मंडळ सांभाळणाऱ्याला हे लगेच ओळखता येतं, कारण अशा सभेत टाळ्या फार पडतात.

मग तिसराच पक्ष शहरात उतरला. मे १८३० मध्ये अलेक्झांडर डफ हे स्कॉटिश मिशनरी कलकत्त्याला आले. हिंदू कॉलेजातली मुलं देवधर्मावर बोलतात हे त्यांना लगेच कळलं. ऑगस्टमध्ये कॉलेजजवळच्या आपल्या घरी त्यांनी ख्रिस्ती धर्मावर व्याख्यानमाला ठेवली. पहिलं व्याख्यान जेम्स हिल यांचं झालं, आणि दुसऱ्या दिवशी शहरात आरडाओरडा. हिंदू कॉलेजच्या व्यवस्थापक समितीने हुकूम काढला: धर्म आणि राजकारण यांवर चर्चा होते अशा सभांना विद्यार्थ्यांनी जाऊ नये. व्याख्यानमाला बारगळली. तो हुकूम निघाला डफच्या दिवाणखान्यावरून, पण त्याच्या शब्दांत माणिकतळ्याची बागही अडकत होती. फाटकाबाहेरही आमचीच सत्ता चालते, असं समितीने पहिल्यांदा सांगितलं ते तेव्हा.

आता याच समितीची २३ एप्रिल १८३१ ची बैठक. हिच्यापाशी थोडा वेळ थांबायला हवं, कारण या इतिहासातलं सगळ्यात बोलकं दप्तर हेच आहे. समितीतले रामकमल सेन यांनी मागण्यांची यादीच मांडली: साऱ्या अनर्थाचं मूळ असलेल्या डेरोझिओला काढा, धर्माविरुद्ध उघड वागणाऱ्या मुलांना काढा, खासगी व्याख्यानांना आणि सभांना जाणाऱ्यांनाही काढा. समितीपुढे पहिला प्रश्न आला तो असा, की मुलांवर दिसणाऱ्या परिणामांवरून डेरोझिओ शिकवायला अयोग्य आहे असं म्हणायला आधार आहे का? यावर बहुमत जमलं नाही. विल्सन आणि हेअर यांनी त्याची बाजू घेतली. इतर काहींनी सांगितलं की आपल्याला ऐकीव गोष्टींपलीकडे काही ठाऊक नाही. मग प्रश्न फिरवला गेला. शहरातल्या हिंदू समाजाची सध्याची भावना बघता त्याला काढणं इष्ट आहे का? विल्सन आणि हेअर म्हणाले, हिंदूंच्या भावनेबद्दल आम्ही मत देऊ शकत नाही, आणि मतदानातून बाजूला झाले. उरलेल्यांपैकी चौघांनी 'आवश्यक' म्हटलं, दोघांनी 'सोयीचं' म्हटलं. एकाने 'अनावश्यक' म्हटलं.

तो एक म्हणजे श्रीकृष्ण सिंह. बागेचा मालक.

समित्यांमध्ये बसलेल्या कोणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल. माणूस दोषी ठरत नाही, तेव्हा तो 'परिस्थिती पाहता' दोषी ठरवायचा. दुसऱ्या प्रश्नाला पुरावा लागत नाही. जे मित्र आहेत त्यांना 'हा तुमचा विषय नाही' असं वाटायला लावलं की काम झालं. हेअरसारख्या सरळ माणसालाही ते कळलं नाही, की कळून तो गप्प बसला, हे मी ठरवू शकलेलो नाही.

डेरोझिओने २५ एप्रिलला राजीनामा दिला. विल्सन यांनी त्याला पत्रातून तीन गोष्टी विचारल्या: तू ईश्वर मानतोस का, आईवडिलांचा मान राखणं हे कर्तव्य नाही असं शिकवतोस का, भावाबहिणीच्या लग्नात काही गैर नाही असं म्हणतोस का? त्याचं २६ एप्रिलचं उत्तर लांबलचक आहे आणि वादविवाद मंडळ चालवणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावं असं आहे. ईश्वर नाही असं मी कोणासमोर म्हटलेलं नाही, पण या विषयावर बोलणंच चूक असेल तर मी गुन्हेगार आहे, असा त्याचा सूर. तत्त्वज्ञांच्या शंका मुलांना सांगितल्या, तशी त्या शंकांची उत्तरंही सांगितली. ह्यूमचा संवाद वाचून दाखवला, तसं रीड आणि स्ट्युअर्ट यांनी केलेलं खंडनही. एकच बाजू शिकवून मुलांना हटवादी बनवणं आपल्याला जमणारं नव्हतं. आईवडिलांच्या बाबतीत तो दक्षिणारंजनचं उदाहरण देतो: हा मुलगा बापाला कंटाळून घर सोडायला निघाला होता, मीच त्याला थांबवलं. तिसऱ्या आरोपावर तो जवळजवळ हसतो.

पत्र सुंदर आहे, उपयोग काही झाला नाही. २६ डिसेंबर १८३१ रोजी पटकीने तो गेला. बावीस वर्षांचा होता.

मंडळ मात्र लगेच मेलं नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हेअर यांनी अध्यक्षपद घेतलं, सभा त्यांच्या शाळेत भरू लागली आणि कशीबशी १८३९ च्या सुमारापर्यंत चालली. पण त्यातली धग आधीच वर्तमानपत्रांत आणि घराघरांत गेली होती. कृष्णमोहनने १८३१ च्या मेमध्ये 'एन्क्वायरर' हे वर्तमानपत्र काढलं. त्याच वर्षी २३ ऑगस्टला तो घरी नसताना मित्रांनी त्याच्या घरी गोमांस खाल्लं आणि हाडं शेजारच्या ब्राह्मणाच्या घरात फेकली. कृष्णमोहनला घर सोडावं लागलं. पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १८३२ रोजी, डफ यांच्याकडून त्याने बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या भीतीने समितीने दारं लावली ती भीती खरी ठरली, पण दारं लावल्यानंतर. सभेत बोलायची सोय राहिली असती तर हाडं भिंतीपलीकडे गेली असती का? माझं मत, नसती. ते सिद्ध मात्र करता येणार नाही.

याच मंडळींचा १८४३ मधला एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण जागेचा मुद्दा त्यात अगदी उघडा पडतो. जुन्या विद्यार्थ्यांनी १८३८ मध्ये सर्वसाधारण ज्ञानार्जनासाठी एक सभा काढली होती. ती संस्कृत कॉलेजच्या दिवाणखान्यात भरे. ८ फेब्रुवारीला दक्षिणारंजन तिथे कंपनी सरकारच्या फौजदारी न्यायव्यवस्थेवर निबंध वाचत होता. ऐकायला बसलेले हिंदू कॉलेजचे प्राचार्य रिचर्डसन मधेच उठले आणि म्हणाले, या दिवाणखान्याचा राजद्रोहाचा अड्डा मी होऊ देणार नाही. अध्यक्षस्थानी ताराचंद चक्रवर्ती होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की आपण इथे पाहुणे आहात, ही जागा आम्ही समितीच्या परवानगीने वापरतो, आपले शब्द मागे घ्यावेत. अध्यक्षाने प्राचार्याला सभेचे नियम सांगावेत, हे त्या काळात सोपं नव्हतं. (आजही नाही.) त्यानंतर सभेने तो दिवाणखाना सोडला.

आता मुंबई. इथली हवा वेगळी होती, आणि घाबरायला कारणंही ताजी होती. मिशनरी जॉन विल्सन (कलकत्त्याचे विल्सन वेगळे) यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशी पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. मग १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. पण मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर मुंबईपासून पुण्यापर्यंत रान पेटलं. घ्यावं असं म्हणणारे बाळशास्त्री जांभेकर, एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आणि 'दर्पण'चे पूर्वीचे संपादक, स्वतःच बहिष्काराच्या तोंडी आले.

या पार्श्वभूमीवर १३ जून १८४८ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन झाली. अध्यक्ष प्रा. पॅटन. दादाभाई नौरोजी पुढाऱ्यांत. नियमांत धर्म आणि राजकारण वर्ज्य. हा भित्रेपणा होता का? मी पूर्वी तसं शिकवत असे. आता तसं वाटत नाही. सभेला कॉलेजची खोली हवी होती, प्राध्यापक हवे होते, आणि पारशी, गुजराती, मराठी मुलं एका बाकावर हवी होती. धर्म काढला की हे तिन्ही मिळत होतं. सभेच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या, देशी भाषांत निबंध वाचले जाऊ लागले. बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, त्यावर चर्चा झाली आणि मुलं नुसती बोलून थांबली नाहीत: ऑक्टोबर १८४९ मध्ये सभेने मुलींच्या शाळा उघडल्या. सुरुवातीला ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली. शिकवायला सभेचेच सभासद, बिनपगारी. कलकत्त्याच्या बागेतून एवढं ठोस काम निघालं नव्हतं.

पण वर्ज्य केलेला विषय जातो कुठे? मराठी ज्ञानप्रसारक सभेचे पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग तर्खडकर, तेच ज्यांच्या व्याकरणाने आपल्या पणजोबांना रडवलं. ते सभेत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले की धर्माचा शब्द नाही. आणि त्याच सुमारास, १८४९ मध्ये, हेच दादोबा परमहंस मंडळी या सुधारक सभेच्या मुळाशी. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर, सभासदांत एल्फिन्स्टनची शिकलेली मुलं. ही सभा गुप्त होती. कोणाच्या तरी घरी, दार लावून. जातिभेद आणि मूर्तिपूजा मानायची नाही; आत येणाऱ्याने ख्रिस्त्याच्या हातचा पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. खोलीत जे बोलायला बंदी होती ते बंद दाराआड बोललं जात होतं, माणसं पुष्कळशी तीच.

आणि तिसरी जागा, कोणाच्याच मालकीची नसलेली. हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उभे राहून मिशनऱ्यांशी वाद घालत होते. समोर जॉर्ज बोवेन यांच्यासारखे प्रतिपक्षी प्रत्यक्ष हजर, भोवती गर्दी. त्या वादांचं इंग्रजी पुस्तकही बोवेन यांनी त्याच वर्षी छापलं. माणिकतळ्याला जे कधी झालं नाही ते इथे झालं, आणि कॉलेजच्या कोणत्याही प्राध्यापकाला त्यासाठी अर्ज मंजूर करावा लागला नाही.

ज्यांना आपल्या कॉलेजच्या अशा जुन्या मंडळाचा इतिहास लिहायचा असेल त्यांच्यासाठी कामाची एक गोष्ट. मंडळाची स्वतःची वही शोधण्यात वर्ष घालवू नका. अकॅडेमिक असोसिएशनचं इतिवृत्त आपल्याला मिळालेलं नाही. जे कळतं ते विरोधकांच्या समितीच्या कागदांतून, डेरोझिओच्या एका पत्रातून आणि म्हाताऱ्या सभासदांच्या आठवणींतून. तेव्हा विश्वस्तांच्या बैठकांचे कागद बघा, सभागृहाच्या मागणीचे अर्ज बघा, नाकारलेले तर आधी बघा. छापील वार्षिक अंकात 'उत्साहात पार पडले' याखेरीज काही मिळणार नाही.

परमहंस मंडळीने मात्र वही ठेवली होती, सगळ्या सभासदांच्या नावांची. १८६० मध्ये ती चोरीला गेली. नावं फुटली तशी माणसं पांगली आणि मंडळी संपली. सात वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला. या वेळी दार उघडं होतं आणि नावं लपवलेली नव्हती.